तुरळक म्हंजे किती?

ओव्हाळ सिस्टर कुणालाही आधी नाव विचारत नसत. आधी पाणी विचारत. बाई तापानं फणफणलेली असो, पोर जुलाबानं गळून गेलेलं असो, नाहीतर नुसताच कुणी दाखला मागायला आलेला असो, पहिला प्रश्न ठरलेला. "पाणी कुठलं पिता?" माणूस गोंधळायचा. मग सांगायचा, अमक्याच्या बोअरचं, ओढ्याकडच्या हापशाचं, तमक्याच्या विहिरीचं. ते ऐकून सिस्टर मान हलवायच्या आणि मग नाव विचारायच्या. तोवर त्यांच्या डोक्यात निम्मं निदान झालेलं असायचं.

मी त्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून गेलो तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. शिरूर तालुक्यात, नगर रस्त्याच्या कडेनं कारखाने उभे राहत होते. कारेगाव आणि आजूबाजूच्या गावांत शेताच्या बांधाबांधाला पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या होत्या. त्यांत लातूर-नांदेडकडची, बिहारची, उत्तर प्रदेशातली माणसं राहायची. एका खोलीत पाच-सहा जण, पाळीप्रमाणे झोपणारे. आमच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत, आणि मला जे सांगायचं आहे ते त्या एकाच गावात घडत होतं असंही नाही.

मी पुण्यात वाढलेला. शिकून लगेच सरकारी नेमणूक घेतली ती दोन वर्षं काढायची आणि पुढच्या शिक्षणाला जायचं एवढ्याच हिशेबानं. सिस्टर तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, खांद्याला लसींचा निळा डबा. मूळच्या दौंडच्या. वडील रेल्वेच्या कामावर रोजंदारीनं खडी टाकायचे. लग्न केलेलं नव्हतं. दौंडला म्हातारी आई होती, तिच्याकडे महिन्यातून एकदा जायच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला औषधांच्या कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला चिकटवलेला एक खाकी कागद दाखवला. त्यावर हातानं काढलेला गावाचा नकाशा होता. रस्त्याकडेचे बंगले, जुनं गावठाण, ओढ्याकाठची बौद्धवस्ती, त्यापलीकडची पारध्यांची पालं, आणि नव्या खोल्यांच्या रांगा. त्यावर शाईचे ठिपके. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, वर्षाच्या आतलं जे पोर जातं, त्याचा एक ठिपका. नोकरीला लागल्यापासून काढतेय.

बंगल्यांच्या बाजूला दोन ठिपके होते. गावठाणात थोडे. ओढ्याकडे कागद काळा पडला होता, आणि खोल्यांच्या रांगा तर नव्या असूनही भरत चालल्या होत्या.

"सर, सरकारी दप्तरात हे एक गाव हाय," त्या म्हणाल्या. "तसं ते न्हाई."

माझं पुण्यातलं घर कुठल्या भागात, हे त्यांनी त्याच दिवशी विचारून घेतलं. मी सांगितलं तेव्हा त्यांना तो भाग गल्लीबोळासकट ठाऊक निघाला. ट्रेनिंगला असताना त्यांना तिथे डोस पाजायला पाठवत. सकाळी आमच्याकडच्या बंगल्यांत, दुपारी कालव्याचा पूल ओलांडून पलीकडच्या झोपडपट्टीत. बंगल्यांत वॉचमन फाटकावरच सांगायचा, आमच्या मुलांना खासगी डॉक्टरांनी दिलाय. पलीकडे बाया पोरं काखेत मारून मागे धावायच्या. पण सिस्टरांच्या मनात राहिली होती ती वेगळीच गोष्ट. "सकाळी तुमच्या भागात बघावं तर काठ्या घेऊन फिरणारी म्हातारी माणसं. ऐंशीची, पंच्याऐंशीची. टोप्या घातलेली, हसत खिदळत. पूल वलांडून गेलं की साठीचा मानूस दिसायचा न्हाई. पुलाच्या ह्या बाजूला आजोबा, त्या बाजूला आजोबांचा फोटो. मधी अंतर किती, तर पाच मिनिटाचं."

मी त्या पुलावरून शाळेत असताना सायकलनं गेलो होतो. माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.

सिस्टर कुणाच्याही घरी कपबशीतून चहा घेत नसत. पिशवीत एक स्टीलचा पेला असायचा, तो पुढे करायच्या. गावात समज असा की बाई स्वच्छतेची फार. मीही तेच समजून होतो. एकदा लसीकरण आटोपून परत येताना मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरीत नव्या असताना एका मोठ्या घरात बाळंतिणीला बघायला गेल्या. चहा आला तो कान तुटलेल्या कपातून, आणि तो कप गोठ्याच्या कोनाड्यातून काढलेला त्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा पेला. "मग म्हटलं, एकाच घरात पेला काढला तर त्यांना कळंल. म्हणून समद्यांच्या घरी काढते. आमच्या वस्तीत बी." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पगारवाढ कधी झाली हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

गावचे सरपंच होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. साठीचा, देखणा, मिठास बोलण्याचा माणूस. बागायत मोठी, आणि खोल्यांच्या दोन लांबलचक रांगा त्यांच्याच. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात आबांकडून निरोप आला की नातवाला डोस द्यायचा आहे, नर्सला घरी पाठवा. मी सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, या महिन्याचं लसीकरण बुधवारी वस्तीतल्या समाजमंदिरात आहे, तिथे घेऊन यायला सांगा. मी म्हटलं, सिस्टर, सरपंच आहेत, पाच मिनिटांचं काम आहे. त्या म्हणाल्या, पाच मिनिटांचंच आहे, म्हणून तर येतील.

बुधवारी अकराच्या सुमारास आबांची जीप समाजमंदिरापाशी उभी राहिली. सून पोराला घेऊन उतरली, ओट्यावर वस्तीतल्या बायांच्या रांगेत बसली. सिस्टरांनी तिला आधी घेतलं नाही आणि मुद्दाम मागेही ठेवलं नाही. नंबर आल्यावर विचारलं, "पाणी कुठलं पिता?" सून म्हणाली, घरी फिल्टर आहे. सिस्टरांनी ते नोंदवून घेतलं.

आबांनी त्या दिवसाबद्दल मला कधी काही म्हटलं नाही. त्यांच्याबद्दल मला सरळ वाईट लिहिता येत नाही. केंद्राचे पत्रे गळायला लागले तेव्हा त्यांनी माणसं पाठवून ते बदलून दिले होते.

दुसऱ्या वर्षी, पाऊस सरता सरता, सिस्टर एका सकाळी केंद्रात आल्या आणि डबा खाली ठेवायच्या आधी म्हणाल्या, "सर, बोअरवर माळा दिसाय लागल्यात."

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. कावीळ झाली की इकडे माणसं डॉक्टरकडे येत नाहीत. मुळ्यांची बारीक माळ मिळते, ती डोक्यावर ठेवतात. ती हळूहळू खाली गळ्यात उतरते आणि माळ उतरली की कावीळ उतरली असं समजतात. आबांच्या खोल्यांमागे एकच बोअर होती, सगळ्या रांगा तिचं पाणी भरायच्या. त्या सकाळी सिस्टर तिथे कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि पाणी भरायला येणाऱ्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या. नऊ माळा मोजल्या. मग त्या माणसांच्या मागोमाग खोल्यांत गेल्या. तीन दिवसांत वहीत तेवीस नावं झाली.

मी जाऊन बोअर पाहिली. दहा पावलांवर संडासांचे दोन शोषखड्डे, आणि पावसात ते दोन्ही भरून वाहत होते. पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. त्याचा निकाल यायला आठवडे लागायचे.

त्याच दिवशी आबांनी चहाला बोलावलं. त्यांनी मला दमदाटी केली नाही. नवे कारखाने यायचे आहेत, साथ आहे असं कागदावर आलं की लोक खोल्या सोडतील, वर्तमानपत्रवाले येतील, गावाचं नाव जाईल, एवढंच ते शांतपणे म्हणाले. बोअर आपण दुरुस्त करून घेऊ, चार दिवस द्या. संध्याकाळी माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला. नमुन्याचा निकाल येईपर्यंत साथ हा शब्द वापरू नका, 'तुरळक रुग्ण' लिहा, नियमाला धरून आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या शिक्षणाच्या परवानगीचा माझा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. त्याचं नाव त्यांनी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती.

साप्ताहिक अहवालात मी लिहिलं: कावीळ, तुरळक.

अहवालाची प्रत लावायचं काम सिस्टरांचं. त्यांनी तो शब्द वाचला, कागदाला भोकं पाडली, फाईलला लावला आणि ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन निघून गेल्या. त्यानंतरचे दिवस त्या रोज खोल्यांच्या रांगांत होत्या. पिंपात औषध टाकायचं, गर्भार बाया कोण ते शोधायचं, आणि दारोदार सांगायचं की पाणी उकळून प्या. एकदा मीही बरोबर होतो. मी एका बाईला ऐटीत तेच सांगितलं. ती उत्तर प्रदेशातली, फूलमती तिचं नाव, आठवा महिना लागलेला. तिनं स्टोव्हकडे बोट केलं आणि म्हणाली, "रॉकेल कहाँ है, साहब?" परगावच्या माणसांना इथलं रेशनकार्ड नव्हतं, त्यामुळे रॉकेल नव्हतं. भात शिजवायलाच ती उसाची चिपाडं गोळा करायची. पाणी उकळून प्या, हे पाच वर्षं शिकून मला आलेलं वाक्य, त्या खोलीत त्याचा काही उपयोग नव्हता. सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी तिला आपल्या खोलीवरचं रॉकेल नेऊन दिलं. एकीला दिलं. बाकीच्यांना कुठून देणार?

आबांची बोअर चार दिवसांत दुरुस्त झाली नाही.

अहवालानंतर अकराव्या दिवशी दुपारी सिस्टर फूलमतीच्या दारात गेल्या तर ती भिंतीला टेकून बसलेली. डोळे हळदीसारखे. सिस्टरांनी तिला आजचा वार विचारला. तिला सांगता आला नाही. नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती नुसतीच हसली. गर्भारपणातली ही कावीळ मेंदूवर जाते हे सिस्टरांना माहीत होतं. त्यांनी एका पोराला केंद्राकडे पळवलं.

आमची जीप त्या दिवशी एका मोठ्या पाहुण्याच्या दौऱ्यात होती. ताफ्याच्या मागे लावण्यासाठी नेली होती. नियमच तसा होता, दौऱ्यात रुग्णवाहिका हवी. मी तासभर फोन लावत बसलो. शेवटी सिस्टरांनी रस्त्यावर कांद्याचा एक टेम्पो अडवला, गोण्यांवर गोधडी टाकली आणि फूलमतीला घेऊन तशाच पुण्याला निघाल्या. तिचा नवरा रामसूरत कारखान्यात पाळीवर होता. त्याला निरोप मिळेपर्यंत टेम्पो निम्म्या वाटेत गेला होता.

सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मूल गेलं, मग ती.

त्याच आठवड्यात, पुण्यातच, एका नर्सिंग होममध्ये आबांच्या सुनेला दुसरा मुलगा झाला. पेढे केंद्रावर आले होते. ते टेबलावर तसेच पडून होते.

सिस्टर एसटीनं परत आल्या, रामसूरतला बरोबर घेऊन. हातपाय धुतले. रामसूरत बाहेरच्या बाकावर बसला होता. तिशीच्या आतला पोरगा, हाताला मशीनचं तेल तसंच. त्यानं विचारलं ते मी आतून ऐकलं. त्याला गावाकडे आईला कळवायचं होतं, आणि काय कळवावं ते त्याला सुचत नव्हतं.

"दीदी, क्या बोलूँ माँ को? किस्मत ही बोलूँ?"

"किस्मत नहीं, भैया," सिस्टर म्हणाल्या. "पानी. उस बोअर का पानी. माँ को ऐसाच बोलना."

मला तेव्हा त्या निष्ठुर वाटल्या. आज वाटतं, त्या पोराशी त्या दोन दिवसांत खरं बोललेलं ते एकच माणूस होतं.

मग त्या आत आल्या. वही माझ्यासमोर ठेवली नाही, स्वतःच्या हातातच धरली. उभ्याच होत्या.

"सर, तुरळक म्हंजे किती?"

मी पेनाचं टोपण लावलं.

"मी साधी नर्स हाय. मला आकडा सांगा, म्हंजे पुढच्या बारीला कळंल मला, कुठवर मोजायचं आन् कुठं थांबायचं."

मी म्हणालो की सिस्टर, या आजाराची लागण होऊन लक्षणं दिसायला महिनाभर लागतो. फूलमतीला लागण झाली असेल ती माझ्या अहवालाच्या आधीच. हे खरं होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "व्हय. तिला आधी झाली आसंल. पर मागच्या अकरा दिवसांत जे ते पाणी प्यालेत, त्यांना अजून व्हायची हाय. त्यांची नावं मी पुढच्या महिन्यात लिहीन."

मग त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, लिहा. त्यांनी एकेक नाव वाचायला सुरुवात केली. नाव, वय, खोली, पाणी. नाव, वय, खोली, पाणी. मी कोऱ्या कागदावर लिहीत गेलो. पाण्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला तेच. तेविसाव्या नावानंतरही त्या थांबल्या नाहीत. एकेचाळिसावं नाव फूलमतीचं होतं. तिच्या वयाशी मी अडलो. एकोणीस, त्या म्हणाल्या.

त्या यादीला मी नवा अहवाल जोडला, त्यात साथ हा शब्द लिहिला, आणि एक प्रत थेट जिल्ह्याला पाठवली. चौथ्या दिवशी बोअरला सील लागलं. टँकर आला. वरून पथक आलं, खोलीखोलीत औषध वाटलं. चार दिवस लागले. त्या चार दिवसांचा विचार मी पुढे अनेक वर्षं करत आलोय. एवढ्या झटपट होण्यासारखं होतं, तर अकरा दिवस आधीही झालंच असतं. पुढच्या महिन्यात सिस्टरांनी खरोखरच नावं लिहिली. त्यांत आणखी दोन बाया दगावल्या.

आबा एकदा केंद्रात येऊन बसले. आवाज चढवला नाही. म्हणाले, सिस्टर, तुम्ही गावाचं नाव घालवलंत, तुम्हाला आम्ही कधी काय कमी केलं होतं? सिस्टर सुया उकळत होत्या. त्यांनी वळून विचारलं, "आबा, त्या महिन्यात गावात दोन बायांचं दिवस भरत आलं व्हतं. एक तुमची सून. दोघी तुमच्याच जागंत राहायच्या. मला एवढंच सांगा, एकीला फिल्टर का व्हता?" आबांनी खुर्ची मागे सारली. ते उठून गेले.

तीन महिन्यांनी सिस्टरांची बदली झाली, मांडवगण फराट्याच्या बाजूला, तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. गंमत अशी की तिथून दौंड जवळ. आईजवळ जाता यावं म्हणून याच बदलीसाठी त्यांनी सात वर्षं अर्ज केले होते आणि सातही वेळा नाही म्हणून उत्तर आलं होतं. आता शिक्षा म्हणून ती मिळाली. आदेश वाचून त्या हसल्या. मी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिलं ते तेवढंच. जाताना कपाटाच्या दारावरचा नकाशा त्यांनी काढला नाही. म्हणाल्या, ठिपके इथलेच आहेत, मी कुठं नेऊ? माझ्यानंतर आलेल्या डॉक्टरांनी कपाट रंगवून घेतलं असं मला पुढे कळलं. बोअरचं सीलही उन्हाळ्यात कुणीतरी तोडलं.

मला काही झालं नाही. माझा अर्ज मंजूर झाला आणि मी पुण्याला परतलो.

मधे सहा-सात वर्षं गेली. मी एका खासगी इस्पितळात नोकरीला लागलो होतो. एका दुपारी माझ्या दारात ओव्हाळ सिस्टर उभ्या. वस्तीतल्या एका बाईला दाखवायला आणलं होतं. लिफ्टला गर्दी म्हणून जिना चढून आल्या होत्या, दोनच मजले. बाकावर बसल्या आणि बोलेनात. ओठ निळसर, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. त्या नको म्हणत असताना मी स्टेथोस्कोप लावला.

हृदयाची डावीकडची झडप आकसून गेलेली होती. असा आवाज मी पुस्तकात वाचला होता आणि सरकारी वॉर्डात ऐकला होता, पण माझ्या घराच्या आसपास, नात्यात, शाळेतल्या मित्रांत कुणाला हा आजार झालेला मला आठवत नाही. तो लहानपणी सुरू होतो, साध्या घशाच्या दुखण्यातून. एका खोलीत आठ-दहा माणसं झोपतात, एकाचा घसा सगळ्यांना लागतो, औषध कुणी आणत नाही. मग सांधे सुजतात, तेही आपोआप बरे होतात, आणि आजार हृदयात जाऊन बसतो. वेळीच चार पैशांचं पेनिसिलिन मिळालं तर होत नाही.

त्यांना माहीत होतं. ट्रेनिंगच्या तपासणीतच एका वयस्क डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळंतपण सोसणार नाही म्हणून. त्यांनी लग्नाचा विषय तिथेच बंद केला आणि नोकरी जाऊ नये म्हणून आजाराचा. तेव्हा मला एकेक आठवू लागलं. ओढ्याचा चढ चढताना त्या मधेच थांबून लसींचा डबा उघडून बघायच्या. केंद्राच्या पायरीवर बसून वही काढायच्या. मी दोन वर्षं त्यांच्याबरोबर चाललो होतो, गळ्यात स्टेथोस्कोप घालून.

मी विचारलं, सिस्टर, मला का नाही सांगितलंत?

"तुमी कवा विचारलंत?" त्या म्हणाल्या.

आमच्या हृदयतज्ज्ञांनी तपासलं. ऑपरेशन पंचवीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं, आता फुप्फुसांनी सोसण्याची वेळ गेली आहे, असं ते म्हणाले. सिस्टरांनी ते ऐकलं, आणि आणलेल्या बाईचे रिपोर्ट कधी मिळतील ते विचारलं.

त्या दिवाळीनंतर मी दौंडला गेलो. रुळांच्या पलीकडे त्यांची वस्ती, घर दोन खोल्यांचं. आई आधीच गेली होती. सिस्टर रजेवर होत्या, नोकरीची चार वर्षं राहिली होती. पाय सुजलेले, पलंगावर आडवं होता येत नव्हतं म्हणून दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून. फेब्रुवारीत त्या गेल्या, ते मला एप्रिलमध्ये कळलं. त्यामुळे ही शेवटची भेट.

मी औषधं नेली होती, ती त्यांनी बाजूला ठेवली. म्हणाल्या, बरं झालं आलात, एक पोरगी बघायची आहे. शेजारणीला हाक मारली. नऊ वर्षांची मुलगी आली, लंगडत. गुडघा सुजलेला, गरम. मागच्या आठवड्यात दुसरा गुडघा होता, तो आपोआप उतरला, आई सांगत होती. त्याआधी घसा दुखत होता, पण पोरांचा घसा दुखतोच की. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी मुलीला समोर उभं केलं आणि छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ, बाहेरून गाडी जाईपर्यंत आणि गेल्यावरही, ऐकत राहिलो. आवाज स्वच्छ होता.

"अजून न्हाई ना?" सिस्टरांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मग मला चिठ्ठी लिहायला लावली. रक्त तपासायचं ते, आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर एकवीस दिवसांनी, वयाच्या पंचविशीपर्यंत. आई घाबरली. म्हणाली, एवढी वर्षं? दुखणं तर चार दिवसांत उतरतंय. सिस्टर तिच्यावर ओरडल्या नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं, मांडीवर घेतलं आणि पेननं तारखांना गोल करायला लागल्या. एकवीस दिवस बोटांवर मोजायच्या, दम घ्यायच्या, गोल करायच्या. मी निघालो असं म्हणालो, तर मान न उचलताच हात हलवला.

मी रस्त्याला लागून मागे वळून पाहिलं. गोल करता करता डिसेंबरचं पान संपलं होतं. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून कुणाच्या घरी आलं नव्हतं. सिस्टरांनी पान उलटं केलं होतं, मुलीच्या मनगटाला धरून तिला जवळ उभं केलं होतं, आणि कोऱ्या पाठीवर पुढच्या वर्षाच्या तारखा लिहीत होत्या. प्रत्येक तारीख झाली की आईकडून मोठ्यानं म्हणून घेत होत्या.